शेपटीने झाकलेली जागा

प्रश्न : सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंतल्या 'फेरेडॉक्सिन-एनएडीपी रिडक्टेज' या एन्झाइमच्या रचनेचं चित्र पाहिलं. एनएडीपीने जिथे बसायचं तिथे एन्झाइमचं स्वतःचंच शेवटचं अमिनो आम्ल, एक टायरोसिन, ठाण मांडून बसलेलं दिसतं. मग हे कोएन्झाइम, म्हणजे एन्झाइमला साथ देणारा छोटा रेणू, आत शिरतं कसं? हा अडथळा काढून टाकला तर एन्झाइम जास्त वेगाने चालेल का? आणि एनएडीपीच का, जवळपास तसंच असलेलं एनएडी का नाही?
— जैवरसायनाची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या मधल्या प्रश्नाचं उत्तर मी एकेकाळी छातीठोकपणे दिलं होतं आणि ते साफ चुकलं होतं. 'टायरोसिन काढा, जागा मोकळी, गाडी सुसाट.' ते कुठे फसलं त्याकडे येतेच, पण आधी या एन्झाइमची जरा ओळख करून घे. प्रकाशसंश्लेषणात फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते एनएडीपीला देणं, हे याचं काम.

हे पिवळं असतं. बाकीची बहुतेक प्रथिनं रंगहीन, त्यामुळे शुद्ध करताना कॉलममध्ये, म्हणजे गाळणीसारख्या उभ्या नळीत, काय चाललंय ते यंत्राच्या आलेखावरून ताडावं लागतं. हे मात्र पिवळा पट्टा होऊन डोळ्यांदेखत खाली सरकतं. ते नळीत घ्यायचं, हवा काढून टाकायची आणि थोडंसं डायथायोनाइट, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन, घालायचं, की पिवळेपणा विरून जातो. झाकण उघडून नळी हलवली की हवा लागते आणि रंग परत येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हा खेळ इतक्या वेळा केला की तो नमुना पुढे कशाच्याच कामाचा राहिला नाही.

रंग असतो एफएडीचा. हा रेणू प्रथिनाच्या पोटात कायम बसलेला असतो आणि खरी मध्यस्थी तोच करतो. फेरेडॉक्सिनकडे लोह आणि गंधक यांचा पुंजका असतो, तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन देऊ शकतो. एनएडीपीला मात्र दोन इलेक्ट्रॉन एकदम हवे असतात, तेही एका प्रोटॉनसकट, म्हणजे हायड्राइडच्या रूपात. एफएडी पहिला इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्याची वाट बघत थांबू शकतो. दोन जमले की जोडी पुढे सरकवतो.

आता जागेबद्दल. मी ॲनाबिना या तंतुमय सायनोबॅक्टेरियाचं एन्झाइम डोळ्यांपुढे ठेवते, त्याची रचना 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. (पालकाच्या एन्झाइमची त्याआधी, 1991 मध्ये. दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीस तर भावंडं वाटतील.) प्रथिनाचे दोन भाग आहेत. पुढचा भाग पिंपासारखा, तो एफएडीला धरतो. मागच्या भागात पाच समांतर पट्ट्यांचा पडदा आणि भोवती वेटोळी, ही एनएडीपीची बाजू. दोहोंमधल्या खाचेत एफएडीचं पिवळं, सपाट कडं असतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक टायरोसिन चिकटलेलं असतं: एकीकडे 79 क्रमांकाचं, दुसरीकडे 303, म्हणजे साखळीचं अगदी शेवटचं टोक. तू पाहिलंस ते हेच. हायड्राइड घेण्यासाठी एनएडीपीच्या निकोटिनामाइड कड्याला नेमकं या 303 च्या जागी यावं लागतं, पिवळ्या कड्याला समांतर, साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आसपास. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

एनएडीपी एका दमात आत शिरत नाही. आधी त्याचं दुसरं टोक, ॲडेनिनचं, मागच्या भागावर पक्कं बसतं, मग मधला फॉस्फेटचा सांधा. निकोटिनामाइड तोवर बाहेरच लोंबकळत असतं. मूळ एन्झाइमच्या स्फटिकात एनएडीपी मुरवून क्ष-किरणांनी पाहिलं, तर ॲडेनिनची बाजू स्वच्छ दिसते आणि निकोटिनामाइड पिवळ्या कड्याजवळ सापडतच नाही. टायरोसिन बाजूला होऊन निकोटिनामाइड तिथे टेकतं ते क्षणभरच, आणि स्फटिकाच्या चित्रात क्षणभरचे पाहुणे उमटत नाहीत.

तो क्षण दिसला तो टायरोसिन काढल्यावरच. 1999 मध्ये वाटाण्याच्या एन्झाइममध्ये त्याच जागी सेरिन हे छोटं अमिनो आम्ल बसवलं गेलं आणि निकोटिनामाइड पिवळ्या कड्यावर बरोबर टेकलेलं दिसलं. ॲनाबिनातही 303 वर सेरिन घालून पाहिलं आहे. दोन्हीकडे एनएडीपी कित्येक पटींनी घट्ट बसतं आणि एन्झाइमचा वेग मात्र पार कोसळतो. माझं गणित चुकलं ते इथे. मी फक्त आत येण्याचा विचार करत होते, बाहेर पडण्याचा नाही. हायड्राइड देऊन झालं तरी पाहुणा उठायला तयार नाही, मग पुढच्याला जागा कुठून मिळणार? मूळ एन्झाइममध्ये टायरोसिन परत आपल्या जागी येऊ बघतं आणि निकोटिनामाइडला उठवतं. मी ज्याला अडथळा समजत होते, तो दारवान निघाला.

ॲनाबिनाला ही ये-जा उलट्या दिशेनेही लागते. साध्या पेशींत प्रकाशाच्या जोरावर एनएडीपीएच, म्हणजे हायड्राइड घेतलेलं एनएडीपी, तयार होतं. नायट्रोजन स्थिरीकरण करणाऱ्या जाड भिंतीच्या पेशींत मात्र हेच एन्झाइम एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन काढून फेरेडॉक्सिनला देतं आणि तिथून ते नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या एन्झाइमकडे जातात. चिकटून बसणारं कोएन्झाइम दोन्हीकडे घात करेल.

राहिलं एनएडी. दोघांत फरक एकाच फॉस्फेटचा, ॲडेनिनला लागून असलेल्या साखरेवरचा. तो ऋणभारित असतो आणि त्याला धरायला मागच्या भागात 224 आणि 233 ही दोन धनभारित आर्जिनिनं टपून असतात, शिवाय 223 चं सेरिन आणि 235 चं टायरोसिन. एनएडीकडे तो फॉस्फेटच नसल्याने त्याची पकड बसत नाही. पण सगळी निवड तिथेच होते असं समजू नकोस. 303 वर सेरिन असलेलं तेच एन्झाइम एनएडीएच, म्हणजे हायड्राइड घेतलेलं एनएडी, बऱ्यापैकी चालवून घेतं. म्हणजे फॉस्फेटपासून इतक्या लांब, खाचेच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं ते टायरोसिनही कोणाला आत घ्यायचं ते ठरवत होतं.