सर्व्हिसिंगनंतर गाडी मिसिंग का करते?

जळगावात सर्व्हिसिंग करून धुळ्याकडे निघाल्यावर पारोळ्याच्या अलीकडेच तुमची कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे झटके देत अडखळत चालू लागली असेल, तर इंजिन खोलू देऊ नका. स्पार्क प्लगची कॅप, प्लग आणि कार्ब्युरेटरला इंजिनशी जोडणारा रबरी नळा (मॅनिफोल्ड) आधी तपासा. गॅरेजमध्ये हात याच भागांना लागलेला असतो आणि घाईत काहीतरी अर्धवट बसते, हे मी रोज दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो. कॅप दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन घट्ट बसली पाहिजे. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे सहज जातात. प्लगच्या टोकाचे चिनीमातीचे आवरण पांढरेफटक असेल तर हवा जास्त जाते आहे, काळेकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे दिसल्यास गाडी स्लोवर (जागेवर, रेस न देता) चालू ठेवून मॅनिफोल्डच्या जोडांवर थोडे पाणी फवारा (पेट्रोल मुळीच नको). इंजिनचा आवाज बदलला, तर तिथला क्लॅम्प सैल आहे किंवा रबर चिरले आहे. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची फट) जास्त आवळले गेले असल्यास मात्र गाडी गार असताना बरी चालते आणि तापल्यावर बिघडते. ही फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची असल्याने आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी पहिल्या प्रहरीच ते काम करवून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) इंजेक्शनच्या गाडीत कार्ब्युरेटर नसतो, तिथे स्कॅनर लावून दोष वाचावा लागतो.