तळ्याकाठी कोळी यावेत म्हणून

पाण्याच्या काठी राहून पाण्यावर शिकार करणारे कोळी (फिशिंग स्पायडर, म्हणजे आठ पायांचे कीटक खाणारे कोळी) तळ्यावर हवे असतील, तर ते पकडून आणू नका. जागा मानवली की ते आपणहून येतात. सुरुवातीला एवढंच बघा:

- काठ उतरता हवा, पाण्यातून वर येणारी लव्हाळ्यासारखी झाडं हवीत.
- मासे नकोत. कीटकनाशक तर बागेत कुठेच नको.

नवखे चुकतात ते साफसफाईत. मादी अंड्यांची पिशवी जबड्यात धरून फिरते आणि पिल्लं निघायच्या सुमारास पाण्यालगतच्या पानांत जाळं विणते. तुम्ही तेच गवत कापता! उन्हाळ्यात तिथे कात्री लावूच नका.

मग सकाळी निवांत बसा. मागचे पाय पानावर, पुढचे पाण्यावर टेकवून तो तरंगांचा कानोसा घेत असेल. चाहूल लागताच देठ धरून खाली जाईल, अंगावरच्या हवेने चांदीसारखा चमकेल. बुडाला समजून काढायला जाऊ नका.