ई-लर्निंग कोर्स आकर्षकही हवा आणि सगळ्यांना वापरताही यायला हवा, हे कसं जमवायचं?

ड्रॅग-अँड-ड्रॉप (उत्तर माउसने ओढून जागेवर ठेवणं), अ‍ॅनिमेशन ठेवलं तर अंध व्यक्तींची अडचण, काढलं तर कोर्स रटाळ, ही शंका रास्त आहे. पण माझ्या मते कल्पकता हलत्या चित्रांत नसते, प्रसंगात असते. समोर चिडलेला ग्राहक आहे, तुमच्याकडे तीन उत्तरं आहेत, प्रत्येकाचा परिणाम वेगळा. हा प्रसंग नुसत्या मजकुरातही रंगतो आणि स्क्रीन रीडरवरही (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरही) तितकाच चालतो. म्हणून आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे कोणत्या स्क्रीनवर काय येणार याचा आराखडा, नीट लिहा. चित्रांची वर्णनं, व्हिडिओची कॅप्शन्स तिथेच लिहून टाका. शेवटी जोडायला गेलात की काम दुप्पट होतं.

ड्रॅग-अँड-ड्रॉप ठेवायचंच असेल, तर न ओढता, नुसत्या क्लिकनेही उत्तर देता आलं पाहिजे. डब्ल्यूसीएजी ही वेबवरचा मजकूर अपंग व्यक्तींनाही वापरता यावा यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. त्यांच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत एए पातळीला (तीनपैकी मधल्या) ही अट आहे. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, शब्दही लिहा.

आणि एक कराच: माउस बाजूला ठेवून अख्खा कोर्स नुसत्या कीबोर्डवर पूर्ण करून बघा. कुठे अडकतं ते लगेच कळतं.