छंदाचा धंदा केला तर गोडी जाईल का?

मी समुपदेशक. काही प्रश्न माणसं बदलून पुन्हा पुन्हा माझ्याकडे येतात. हा त्यातलाच एक. केक करणाऱ्या बायका विचारतात, लग्नाचे फोटो काढणारी पोरं विचारतात. कोल्हापुरात कुणाच्या हातात जरा कला दिसली, की चार जण खांद्यावर हात टाकून म्हणणारच, "भावा, दुकान टाक की!" सांगणारा चहा पिऊन निघून जातो, झोप उडते ती ऐकणाऱ्याची.

त्यातल्या एकांची गोष्ट सांगते, अर्थात ओळख पुसून. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी पतसंस्थेत. वडील उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे, त्यामुळे रंधा आणि पटाशी शाळेच्या वयातच हातात आली. ऑफिसात सगळे चेष्टेनं 'मिस्त्री' म्हणतात, आपणही तेच म्हणू. यांच्या हातचा देव्हारा, चौरंग किंवा झोपाळा नाही असं नातलगांत घर नाही. आता नोकरी सोडून ऑर्डरप्रमाणे फर्निचर करायचं मनात होतं.

"मॅडम, हे काढलं आणि गोडीच गेली तर? मग संध्याकाळी मी करायचं काय?"

भीती अगदीच निराधार नव्हती. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढायला लागली. लोक हा प्रयोग इथपर्यंतच सांगतात. पण ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे गोडी बक्षिसानं जात नाही, आपण हे बक्षिसासाठीच करतोय असं वाटू लागलं की जाते. माझी सगळी भिस्त या फरकावर असते. तो समजावून सांगून मात्र उपयोग नसतो, माणसाच्या स्वतःच्या अनुभवात तो सापडावा लागतो.

मी विचारलं, "झोपाळ्याचे किती सांगाल?"

त्यांनी साग किती घनफूट, पितळी कड्या किती, पॉलिश किती, सगळं तोंडपाठ सांगितलं.

"आणि तुमचे?"

"माझे कसले? मला आवडतंय की ते."

गोडी जाण्याची भीती आणि पैसे मागायचा संकोच यांचा असा गुंता झालेला असतो. त्यात पहिली भीती सांगायला बरी वाटते, म्हणून तीच पुढे येते. मी तिथं थांबले नाही. सगळ्यात जास्त मजा कुठल्या कामात आली, ते विचारलं. मला वाटलं, स्वतःच्या मनानं केलेलं एखादं कोरीव काम सांगतील.

ते म्हणाले, "शेजारच्या काकूंचा देव्हारा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खाली बसता येईना, उभं राहून हात थरथरायचा. खुर्चीवर बसून पूजा होईल असा पाहिजे होता. त्यांच्या खुर्चीची उंची घेतली, हात किती लांब पोचतोय ते बघितलं. खालचा खण बाहेर ओढला की ताम्हण ठेवायला फळी होते. तीनदा मोडून केला."

"माप कुणाचं होतं?"

"त्यांचं."

"लाकूड?"

"तेपण त्यांनीच सांगितलेलं. जुन्या घराचा सागवानी दरवाजा होता."

"मग तुमच्या मनासारखं काय होतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हसले. "काहीच नव्हतं की! म्हणजे मला गिऱ्हाईक नको असं नाही. हुकूम नको."

अशा वेळी मी शक्यतो गप्प बसते. समुपदेशकाला हे जमायला वर्षं लागतात आणि मला ते आता जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा हा प्रश्न पडलेल्यांना माझं सांगणं असं. छंदात तीन मोकळिकी असतात. काय करायचं ते आपण ठरवतो, केव्हा करायचं तेही आपण ठरवतो आणि मनाला आलं तर अर्धवट सोडून देतो. धंद्यात तिसरी जातेच, तिच्यासाठी रडू नये. उरलेल्या दोनपैकी कुठली विकायची आणि कुठली अजिबात नाही, हे नोकरी सोडायच्या आधी ठरवा. मिस्त्रींनी 'केव्हा' राखलं, कारण लाकडाला घाई चालत नाही. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास उतरला नसेल तर पुढे खण अडकतात. आपल्याकडच्या पावसात पॉलिशवर पांढुरकी झाक येते, आणि देव्हाऱ्याची मागणी नेमकी गणपतीच्या तोंडावर. त्यामुळे पावसाळ्यात तारीख द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. काही गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत.

दुसरं पैशाचं. कोटेशनमध्ये मजुरीची ओळ वेगळी लिहा. चित्र काढून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या आणि निम्मी रक्कम आधी. निव्वळ मालविक्रीची उलाढाल राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा त्या धास्तीनं अडून राहू नका. नातलगांना एक तर पूर्ण भेट द्या, नाही तर पूर्ण किंमत सांगा. अर्ध्या किमतीत दिलेल्या वस्तूवर दोन्हीकडची माणसं कुढत बसतात.

एकदा वहिनींनाही बोलावलं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "करू देत की, पण माझ्या पाटल्या गहाण पडायच्या नाहीत." मला ही अट फार शहाणपणाची वाटली. मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं.

अजून त्यांनी नोकरी सोडलेली नाही. एका वेळी एकच ऑर्डर घेतात. मजुरी ऐकून एक मावसभाऊ रुसला, तो बोलत नाही. पुतण्याच्या लग्नाला मात्र त्यांनी सागवानी पलंग दिला. कोटेशनची वही मला दाखवायला आणली होती. त्यात लाकूड, पॉलिश, मजुरी, सगळे आकडे नीट मांडलेले, आणि बेरजेखाली लिहिलेलं: 'आहेर'.