डॅलसला घर घ्यायचंय तर आधी एजंट कुणाचा ते बघ

अजून सही करू नकोस. बाकीचं सगळं सावकाश सांगतो पण हे आधी.

तू लिहिलंयस की एल वन व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, मे महिन्यात बायको-लेकरासहित डॅलसला येणारायस, भाड्यात पैसे घालवायचे नाहीत म्हणून आल्या आल्या घर घ्यायचं डोक्यात आहे, कंपनीतल्या एका मराठी मित्रानं त्याच्या ओळखीच्या एजंटचा नंबर दिला, आणि तो एजंट म्हणायलाय की आधी एक अॅग्रीमेंट सही करून पाठवा मग घरं दाखवतो. तिकडं औशाला वडील म्हणायलेत की अडीच एकर रान काढतो, तुला पैसे पाठवतो. तर एजंट करावा का, त्याचे पैसे कोण देतं आणि ह्या सहीत काही फसवणूक आहे का, हे तुझे प्रश्न.

मी लातूरचा, २०१७ ला इथं आलो, २०२३ च्या ऑक्टोबरात डॅलसजवळ मॅकिनीला घर घेतलं. त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष एजंटांच्या मागं फिरण्यात गेलं आणि तेव्हा कळलं की आपण एजंट म्हणजे तिकडचा दलाल समजून चालतो, तिथंच गाडी चुकते.

आपल्याकडं प्लॉट घेताना मधला माणूस दोन्हीकडून टक्का घेतो, सौदा जुळवतो, विषय संपला. त्याच्याकडून आपली पण जास्त अपेक्षा नसते, सातबारा आपण काढतो, फेरफार आपण बघतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो, शेजारच्या रानवाल्याला जाऊन विचारतो की बाबा ह्या जागेवर काही भांडण आहे का. इथं तसं नाही. घराबाहेरच्या पाटीवर ज्याचा नंबर असतो तो घर विकणाऱ्याचा माणूस, त्याचं कर्तव्य विकणाऱ्याशी. तू ओपन हाऊसमध्ये, म्हणजे विकायचं घर सगळ्यांना बघायला उघडं ठेवतात तिथं, गेलास, त्यानं गोड बोलून विचारलं बजेट किती आणि तू म्हणालास की तसं पाच लाखाचं बघतोय पण आवडलं तर साडेपाचपर्यंत जाऊ, की ते समोरच्या पार्टीला कळलंच असं धर. म्हणून तुझा स्वतःचा एजंट पाहिजे, जो कायद्यानं तुझ्या बाजूनं बांधलेला असतो. एजंट ज्याच्या हाताखाली काम करतो तो ब्रोकर, दोन्ही बाजू एकाच ब्रोकरकडं असल्या तर टेक्सासमध्ये त्याला इंटरमीडियरी म्हणतात, दोघांची लेखी परवानगी लागते आणि ब्रोकरला मग मधोमध उभं राहावं लागतं, म्हणजे तुझ्या बाजूनं घासाघीस तो करणार नाही. पहिल्या घराला तरी ह्यात पडू नकोस.

कोण कुणाचा हे सांगणारा एक कागद इथं प्रत्येक एजंटला द्यावाच लागतो, इन्फर्मेशन अबाउट ब्रोकरेज सर्व्हिसेस म्हणतात त्याला. तुला तो मिळालाय का आधी विचार. आणि टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर त्याचं नाव टाकून लायसन्स चालू आहे का बघ, पाच मिनिटाचं काम आहे.

आता सहीचं. अॅग्रीमेंट मागतोय म्हणजे फसवायलाय असं नाही. १७ ऑगस्ट २०२४ पासून इथला नियमच बदलला, कमिशनवरून मोठी कोर्टकेस झाली होती, तडजोड झाली, आणि तेव्हापासून घर दाखवायच्या आधी एजंटला खरेदीदाराकडून लेखी करार घ्यावा लागतो. त्यात त्याचे पैसे किती ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, टक्क्यात किंवा रकमेत, मोघम चालत नाही, आणि ठरल्यापेक्षा जास्त त्याला कुणाकडूनच घेता येत नाही. पूर्वी विकणाराच दोन्ही एजंटचे पैसे द्यायचा आणि आपल्याला वाटायचं फुकट आहे, फुकट नव्हतंच, घराच्या किमतीत मिसळलेलं असायचं. आजही ऑफर देताना माझ्या एजंटचे पैसे विकणाऱ्यानं द्यावेत असं लिहिता येतं आणि बरेच जण देतात, पण नाही दिले तर तुझ्यावर येतात. पाच लाख डॉलरच्या घराला अडीच टक्के म्हणजे साडेबारा हजार डॉलर, तीन टक्के म्हणजे पंधरा हजार. हा टक्का कायद्यानं ठरलेला नाही, बोलून कमी होतो, लाजू नकोस.

पण तू अजून औशात आहेस, घर एकही बघितलं नाहीस, मग आत्ता सही कशाला? इथं आल्यावर दोन-तीन एजंटना भेट, आणि पहिल्यांदा फिरताना एका दिवसापुरता किंवा ठरावीक घरांपुरता करार माग. देणारे देतात. मुदत किती, कोणत्या भागापुरता, मोडायचा असेल तर कसा मोडायचा आणि विकणाऱ्यानं पैसे दिले नाहीत तर काय, एवढ्या चार ओळी स्वतः वाच.

मी वाचल्या नव्हत्या. २०२२ चा उन्हाळा, माझा एजंट पण असाच ओळखीतला, आपलाच माणूस, गणपतीला भेटलेला. सहा महिन्यांचा करार, दुसऱ्याकडं जायचं नाही असं त्यात लिहिलेलं, मी चहा पीत पीत सही केली. मार्केट तेव्हा पेटलेलं, एकेका घरावर दहा दहा ऑफरी, आणि हा माणूस म्हणायचा की ऑप्शन पिरियड, म्हणजे माघार घ्यायचे दिवस, सोडून द्या तरच घर मिळंल. एक घर आम्हाला लई आवडलं, मी तयार पण झालो होतो. माझी बायको परभणीकडची, काळ्या रानातल्या घरात वाढलेली. तिनं वरच्या खोलीचं दार लावून बघितलं तर ते लागंना, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलेली, त्यावर नवा रंग. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, अहो हे घर काळ्यातलंय, पाया हललाय. एजंट म्हणाला इथं सगळ्याच घरांना असं असतं. आम्ही नाही म्हणालो तर त्यानं फोन उचलणं कमी केलं, आणि करार संपेपर्यंत दुसऱ्याकडं जाता येईना.

ती काळ्या मातीची गोष्ट नीट ऐक, कारण आपल्यासारख्यांना ती लवकर कळते. डॅलस, प्लेनो, मॅकिनी, हा सगळा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा, म्हणजे आपलीच काळी चिकण माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आपण काळ्यात घर बांधताना मुरूम लागेपर्यंत खोदतो, इथं बहुतेक घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेली असतात आणि माती खालून वर-खाली होत राहते. तू औसा तालुक्यातला, किल्लारीच्या भूकंपाचं घरात ऐकतच मोठा झाला असशील, पाया म्हणजे काय हे तुला सांगायला नको. विटांमधून जिन्यासारखी चढत गेलेली भेग, न लागणारी दारं, दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातल्या तिरक्या भेगा, उतार आलेली फरशी, हे बघ. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा बोलव, पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस नको, त्याला काम काढायचं असतं. पाया आधी दुरुस्त झालेला असेल तर घाबरू नकोस, पण त्याची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी घे. आणि इथं लोक उन्हाळ्यात घराच्या कडेनं पाइप टाकून मातीला पाणी देतात, माती आकसू नये म्हणून. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावचा मी, पहिल्यांदा ते पाणी सोडताना माझा जीव कळवळला, आजही कळवळतो, पण सोडावं लागतं.

दुसरी एजंट मिळाली ती इथलीच, साठीकडं आलेली बाई. ती घराच्या आत जायच्या आधी बाहेरून पूर्ण चक्कर मारायची, विटा बघायची, छताकडं बघून गारपिटीचं विचारायची कारण छत किती जुनं ह्यावर इन्शुरन्सचा हप्ता ठरतो. तिनं आम्हाला सात घरं घेऊ दिली नाहीत. प्रत्येक नाही मध्ये तिचं कमिशन बुडत होतं तरी. तुझ्या एजंटला पहिल्याच भेटीत विचार की तुम्ही शेवटचं कोणत्या गिऱ्हाइकाला घर घेऊ नका म्हणून सांगितलं आणि का. उत्तर देता आलं नाही तर उठून ये.

ऑप्शन पिरियड म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. आपल्याकडं इसार दिला आणि मागं फिरलं की इसार बुडतो. इथं इसार वेगळा, साधारण किमतीच्या एक टक्का, तो टायटल कंपनीकडं, म्हणजे मालकीचे कागद तपासणाऱ्या आणि व्यवहाराचे पैसे सांभाळणाऱ्या मधल्या कंपनीकडं, जमा राहतो, विकणाऱ्याच्या हातात जात नाही. त्याशिवाय काहीशे डॉलर ऑप्शन फी देऊन तू काही दिवस विकत घेतोस, पाच, सात, दहा, जे ठरेल ते. तेवढ्या दिवसात कोणतंही कारण न देता माघार घेता येते आणि इसार परत मिळतो, फक्त ती फी जाते. इन्स्पेक्शन ह्याच दिवसात करायचं, दुरुस्तीचे पैसे ह्याच दिवसात मागायचे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवायचं, सुट्टीचे दिवस पण मोजतात. कुणी कितीही घाई केली तरी हे दिवस सोडू नकोस.

किमतीचं पण एजंटशिवाय अवघड आहे. तिकडं रेडी रेकनर असतो, इंडेक्स टू काढता येतो. टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे सरकारी रेकॉर्डला उघड होत नाही, त्यामुळं अॅपवर दिसतो तो अंदाज असतो. खरे विकलेले भाव एजंटच्या सिस्टीममध्ये असतात, तर त्याला म्हण मला मागच्या सहा महिन्यातले ह्याच गल्लीतले भाव दे.

एक सांगून ठेवतो, नाही तर तुला वाटंल एजंट टाळतोय. इथं आपले लोक किती, शेजारी कोण कुठले, हा भाग चांगल्या लोकांचा आहे का, असं विचारलंस तर चांगला एजंट उत्तर देणार नाही. १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्यानं त्याला गिऱ्हाइकाला वंश-धर्म बघून एखाद्या भागाकडं वळवता येत नाही. ते तू स्वतः शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन फिरून बघ.

बिल्डरचं नवं घर बघायला जाणार असलास तर एजंटला पहिल्याच भेटीला बरोबर ने. एकटा गेलास आणि नाव नोंदवून आलास की पुष्कळ बिल्डर नंतर तुझ्या एजंटला मानत नाहीत. ऑफिसात बसलेली व्यक्ती बिल्डरची, कितीही प्रेमानं बोलली तरी. नव्या घराचं पण इन्स्पेक्शन करून घे, एकदा भिंती बंद व्हायच्या आधी आणि एकदा वर्षाची वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी. आणि टॅक्स! इथं राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे खुश असतात, तो घराच्या टॅक्समधून वसूल होतो, दरवर्षी किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, नव्या वसाहतीत पाण्या-गटाराच्या वेगळ्या डिस्ट्रिक्टचा टॅक्स लागला तर त्याहून जास्त. १ जानेवारीला जे उभं असतं त्यावर टॅक्स लागतो, त्यामुळं नव्या घराला पहिल्या वर्षी कधी कधी नुसत्या जागेचाच येतो आणि पुढच्या वर्षी हप्ता एकदम उडी मारतो. एजंटला पूर्ण बांधलेल्या घराचा टॅक्स काढून दाखवायला सांग. राहायला गेल्यावर होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या सवलतीचा, फॉर्म भर, शाळेच्या टॅक्समध्ये १ लाख ४० हजार डॉलरच्या किमतीवर सूट मिळते.

आता रानाचं. वडिलांना सांग थांबा. तुला इथं आल्यावर क्रेडिट स्कोअर तयार व्हायलाच किमान सहा महिने लागतील. साडेतीन टक्के डाऊन पेमेंटचं सरकारी एफएचए लोन यूट्यूबवर सांगतात ते मे २०२५ पासून व्हिसावाल्यांना बंद झालंय, तुला साधं कन्व्हेन्शनल लोन घ्यावं लागंल. वीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेस तर वरून पीएमआय, म्हणजे कर्ज देणाऱ्यासाठीच्या विम्याचा हप्ता, लागतो, पण तो पुढं काढता येतो, विकलेलं रान परत येत नाही. शिवाय वडिलांनी वर्षात दहा लाखाच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, रिटर्न भरल्यावर मिळतो पण तोवर अडकतो, आणि इथली बँक गिफ्ट लेटर, म्हणजे हे पैसे परत द्यायचे नाहीत असं लिहिलेलं पत्र, मागते, पैसा कुठून आला त्याचे कागद मागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा व्हिसा कंपनीला बांधलेला. नोकरी गेली तर इथं राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसात घर विकणं कसं असतं हे मी एका मित्राचं जवळून बघितलंय, तिकडं आईबाप रोज फोन करून काय झालं विचारायचे. वर्षभर भाड्यानं राहा. ते पैसे वाया जात नाहीत, तेवढ्यात शाळा कळते, ऑफिसचा रस्ता कळतो, घर कुठं पाहिजे ते कळतं.

आणि पुढं घर घेशील तेव्हा, व्यवहार पूर्ण व्हायच्या शेवटच्या आठवड्यात पैसे वायर करायच्या आधी ईमेलमध्ये आलेल्या खाते नंबरवर विश्वास ठेवू नकोस, टायटल कंपनीला तू स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून खाते नंबर वाचून घे. चोर अगदी एजंटच्या नावानं मेल पाठवतात.

मे मध्ये उतरलास की आमच्याकडं ये, दोन-तीन एजंटच्या भेटी मी लावून देतो, त्यातली ती साठीची बाई पण. पण घरं बघायचीच असली तर ऑगस्टच्या शेवटी बघू, तेव्हा माती पार वाळलेली असते, भेगा लपत नाहीत.