सकाळी बोटं आखडतात, पण आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला. मग हा वयाचाच संधिवात का?

तुमच्या आई ५२ वर्षांच्या, सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडतात, दहा वाजेपर्यंत कणीक मळता येत नाही आणि आर.ए. फॅक्टरचा (आमवातासाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून घरचे निवांत. मी नाशिकरोडला फिजिओथेरपिस्ट आहे. मला हे वयाचं वाटत नाही.

झिजेचा संधिवात (ऑस्टिओआर्थरायटिस) वापरानं दुखतो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजलेली असते, त्यामुळे चढउतार केली की कळ येते आणि बसलं की आराम पडतो. सप्तशृंगीच्या पायऱ्या उतरून आलेले असे गुडघे नवरात्रानंतर आमच्याकडे हमखास येतात. सकाळचा ताठरपणा यात अर्ध्या तासात सुटतो. बोटांत गाठी येतात त्या बहुधा नखाजवळच्या पेरांवर.

आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थरायटिस) उलट. प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उठते, ते सुजतं आणि उपचार लांबले तर कूर्चा, हाड दोन्ही कुरतडतं. मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं, तेही दोन्हीकडे. ताठरपणा तासभर, कधी त्याहून जास्त, आणि हात चालता झाला की सैल पडतो. द्राक्षबागेत थिनिंगला जाणाऱ्या कितीतरी बायका हे कामाचं दुखणं म्हणून अंगावर काढतात. अहो, कामाचं असतं तर संध्याकाळी वाढलं असतं!

घरी एवढं बघा: आईंच्या चार बोटांच्या मुळांवर दोन्ही बाजूंनी हलका दाब द्या. हात झटकन मागे घेतला तर दाखवायला उशीर करू नका. आर.ए. फॅक्टर आमवात असूनही निगेटिव्ह येऊ शकतो, आणि धडधाकट माणसात पॉझिटिव्हही. डॉक्टर अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या सांगतील. मागे चिकुनगुनिया झाला होता का, हेही त्यांना सांगा. त्यानंतर काहींचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात. नखांवर खड्डे किंवा अंगावर सोरायसिस असेल तर तो प्रकार आणखी वेगळा. एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होतो तो गाऊट, आईंचं वर्णन त्यात बसत नाही.

बाजारातल्या 'वाताच्या पुड्या' मात्र नकोच. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो.

हाडांच्या डॉक्टरांऐवजी थेट रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे तज्ज्ञ) गाठा. उठल्याउठल्या सुजलेल्या हातांचे फोटो काढून न्या, दुपारच्या ओपीडीपर्यंत सूज ओसरलेली असू शकते.