धान्य बँकेच्या डॅशबोर्डवर नेमके कोणते आकडे ठेवावेत?

तुमचा प्रश्न असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातल्या काही गावांची आणि पोडांची (कोलाम वस्त्यांची) धान्य बँक आहे, नोंदी वहीत आहेत, लॅपटॉप एकच. डॅशबोर्ड (मुख्य आकडे एकाच पडद्यावर दाखवणारं पान) केला तर कुठं किती माल पाठवायचा हे ठरवता येईल का?

येईल. पण जे वहीत नाही ते पडद्यावरही दिसणार नाही, आणि बहुतेक वह्यांत एक रकाना नसतोच: ‘मागितलं, पण देता आलं नाही’. एखाद्या पोडात महिन्याला 40 किलो तूरडाळ गेली म्हणजे गरज 40 किलोचीच होती असं नाही. कदाचित कोठारात तेवढीच शिल्लक असेल. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाटप शून्य पडतं आणि तक्त्यात ते ‘गरज नाही’ असं दिसतं. त्यावरून पुढचा वाटा ठरवला तर जिथं कमी पोचतं तिथं कमीच जात राहतं. म्हणून मागणी, वाटप आणि न देण्याचं कारण हे तीन वेगळे रकाने करा.

गूगल शीट्स पुरेसं आहे. एका व्यवहाराला एक ओळ: तारीख, गाव, जिन्नस, आवक की जावक, मागणी, वाटप, कारण, लॉट नंबर (एका वेळी आलेल्या मालाचा क्रमांक). गावाचं नाव यादीतूनच निवडायला लावा, नाहीतर एकच पोड तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी दिसतं. रकान्यात ‘50 किलो’ लिहू नका, नुसतं 50 लिहा. शब्द आला की शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून गुपचूप गाळते. पायलीनं मोजत असाल तर प्रत्येक जिन्नसाची पायली एकदा काट्यावर तोलून घ्या, ज्वारीची आणि तुरीची सारखी भरत नाही. सेटिंगमध्ये देश भारत ठेवा, नाहीतर 5 जूनची 6 मे होते.

सगळ्यात कामाचा आकडा ‘साठा किती दिवस पुरेल’ हा. डाळ शिल्लक 240 किलो आणि गेल्या 28 दिवसांत वाटप 336, म्हणजे रोज 12 आणि साठा 20 दिवसांचा. पण त्यातले 7 दिवस डाळच नव्हती, तर 21 नं भागा: रोज 16, साठा फक्त 15 दिवसांचा. माल यायला 10 दिवस लागत असतील तर मागवायला हातात 5च दिवस आहेत. (वाटप आठवडी बाजारालाच होत असेल तर दिवसांऐवजी आठवडे मोजा.)

दुसरा आकडा लॉटच्या वयाचा. कट्ट्यावर (पोत्यावर) आवक तारीख लिहा आणि जुना लॉट वर दिसेल अशी क्रमवारी लावा. पावसाळी दमटात तुरीला भुंगा आणि तांदळाला सोंडे लागायला वेळ लागत नाही. गोल तक्ते (पाय चार्ट) मात्र नकोत, त्यावरून काहीच ठरत नाही.

गाव निवडायला स्लायसर (पडद्यावरचं गाळणीचं बटण) लावाल तेव्हा एक ध्यानात ठेवा: तो चार्ट आणि पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज करणारा तक्ता) बदलतो, वर सूत्रानं काढलेला आकडा बदलत नाही. पोड निवडलेलं आणि डोक्यावर साठा मात्र सगळ्या गावांचा, अशी गफलत बैठकीत हमखास होते. तो आकडाही पिव्होट टेबलातूनच घ्या.